छोटी मालवाहू गाडी : देश बदलला की इंजिन बदलते

भाजी, दूध, किराणा आणि गॅसच्या टाक्या गल्लीबोळांतून पोहोचविणारी छोटी मालवाहू गाडी जगभर साधारण सारखीच दिसते. तिचे इंजिन मात्र देशागणिक बदलते. ही निवड केवळ अभियंत्यांच्या पसंतीने होत नाही. करांची रचना, इंधनाचे दर आणि प्रदूषणाचे निकष यांचाही तिच्यावर मोठा प्रभाव असतो.

डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. त्यामुळे इंधनातील ऊर्जेचा अधिक भाग कामी येतो आणि कमी वेगातही ओढण्याची ताकद चांगली मिळते. भरलेली गाडी चढावर नेणाऱ्याला हे गुण मोलाचे वाटतात. मात्र हा दाब सोसण्यासाठी इंजिन जड व महाग करावे लागते. शिवाय धुरातून काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बाहेर पडतात.

जपानमध्ये 'केई' वर्गातील छोट्या वाहनांना करात सवलत मिळते; पण १९९० पासून त्यांच्या इंजिनावर ६६० सीसीची मर्यादा आहे. एवढ्या लहान इंजिनात पुरेशी शक्ती मिळवायची तर पेट्रोलच सोयीचे ठरते. त्यातच डिझेलच्या काजळीविरुद्ध टोकियो महानगराने ऑक्टोबर २००३ पासून मालमोटारी व बसगाड्यांवर कडक निर्बंध लादले. पेट्रोलवर धावणाऱ्या केई गाड्यांना त्याची झळ लागली नाही.

युरोपात चित्र उलटे होते. तेथील बहुतेक देशांनी डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर आकारला. परिणामी रेनॉ कांगू, सिट्रोएन बर्लिंगो यांसारख्या व्हॅनमध्ये डिझेलचेच वर्चस्व राहिले. अमेरिकेत मात्र केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. साहजिकच, युरोपात डिझेलवर खपणारी फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट २००९ मध्ये अमेरिकेत आली, ती दोन लिटरचे पेट्रोल इंजिन घेऊन.

भारतातील प्रवास याहून रंजक आहे. १९८४ मध्ये आलेल्या मारुतीच्या व्हॅनमध्ये ७९६ सीसीचे पेट्रोल इंजिन होते. पुढे २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' बाजारात आणली. लोकांनी तिचे नाव ठेवले 'छोटा हत्ती'. तिचे ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन अवघ्या १६ अश्वशक्तीचे होते. पण त्या काळी डिझेलचा दर सरकारी नियंत्रणामुळे पेट्रोलपेक्षा बराच कमी असल्याने व्यवसायाचे गणित जुळत असे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दोन इंधनांच्या दरांतील अंतर घटत गेले. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' निकष लागू झाले. धूर शुद्ध करणारी यंत्रणा महाग असते आणि इंजिन लहान म्हणून तिचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. स्वस्त गाडीला हा बोजा जड जातो. २०१६ मध्ये ७९३ सीसीच्या डिझेल इंजिनासह आलेली मारुतीची 'सुपर कॅरी' २०२० नंतर केवळ पेट्रोल व सीएनजीवर उरली. 'एस'चीही पेट्रोल व सीएनजी रूपे आली. २०२२ मध्ये तिचे विजेवर चालणारे रूप सादर झाले.

कर्ज काढून गाडी घेणाऱ्याने या साऱ्यातून एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. समजा, एका इंधनाची गाडी ६० हजार रुपयांनी महाग आहे. पण ती किलोमीटरमागे एक रुपया वाचविते. म्हणजे ६० हजार किलोमीटर धावल्यावरच जादा किंमत वसूल होणार. वर्षाचे ३०० दिवस, रोज १०० किलोमीटर धावणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षे पुरतील; रोज ४० किलोमीटरच फिरणाऱ्याला पाच वर्षे लागतील. तोवर कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. सीएनजी घेताना पंपावरील रांगेत जाणारा वेळ आणि विजेवरील गाडी घेताना एका चार्जिंगमध्ये होणारे अंतरही या हिशेबात धरले पाहिजे.

सर्वांसाठी एकच उत्तम इंजिन नसते. आपला मार्ग, भार आणि रोजचे अंतर पाहूनच ते निवडावे लागते.