बॉल हाताला लागला, तरी पेनल्टी का मिळत नाही? हँडबॉलचा नियम नेमका काय सांगतो?

५ जुलै २०२४. जर्मनीतलं श्टुटगार्ट. युरो कपची क्वार्टर फायनल, जर्मनी विरुद्ध स्पेन. स्कोअर १-१ आणि सामना एक्स्ट्रा टाइममध्ये. जर्मनीच्या जमाल मुसियालाने गोलच्या दिशेने फटका मारला आणि बॉल स्पेनचा डिफेंडर मार्क कुकुरेयाच्या हाताला लागला.

जर्मनीने पेनल्टी मागितली. इंग्लंडचे रेफरी अँथनी टेलर यांनी ती दिली नाही. व्हीएआरनेही, म्हणजे स्क्रीनवर रिप्ले बघून रेफरीला मदत करणाऱ्या टीमनेही, निर्णय बदलला नाही. ११९ व्या मिनिटाला मिकेल मेरिनोने हेडर मारून गोल केला. यजमान जर्मनी घरच्या मैदानावर स्पर्धेबाहेर गेला आणि स्पेनने पुढे कपही उचलला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी आली, की ती पेनल्टी द्यायला हवी होती, असं युएफाच्या रेफरी समितीचं मत आहे.

इतके कॅमेरे, इतके रिप्ले, तरीही एकमत का होत नाही?

नियम काय आहे?

फुटबॉलचे नियम आयफॅब ही संस्था ठरवते. हँडबॉलचा नियम क्रमांक १२ मध्ये येतो. बॉल हाताला लागला की प्रत्येक वेळी फाउल होतो, असं हा नियम म्हणत नाही. स्वतःच्या पेनल्टी एरियातला गोलकीपर सोडला, तर फाउल तीन प्रकारे होतो.

१. खेळाडूने मुद्दाम बॉलला हात लावला. उदाहरणार्थ, हात बॉलकडे नेला.

२. हात अशा जागी होता, की शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालं आणि बॉल अडला. इथे हेतू बघायची गरज नसते.

३. बॉल चुकून का होईना, हाताला लागून थेट गोल झाला, किंवा हाताला लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल केला.

हात कुठे सुरू होतो, हेही ठरलेलं आहे. काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपासून पुढचा भाग म्हणजे हात. त्याच्या वरचा खांदा हँडबॉलमध्ये मोजत नाहीत.

मग वाद कुठे होतो?

वाद होतो तो 'अनैसर्गिक' या शब्दावर. धावताना, वळताना, उडी मारताना हात शरीरापासून लांब जातातच. हात बांधून कुणी हेडर मारू शकत नाही. त्यामुळे त्या क्षणी शरीराची जी हालचाल चालू होती, तिच्यामुळे हात तिथे गेला का, हे रेफरीला ठरवावं लागतं. तसं नसेल, तर हात पसरण्याचा धोका खेळाडूने स्वतः पत्करला, असं नियम मानतो. हे मोजपट्टीने मोजता येत नाही. म्हणून दोन चांगले रेफरी एकाच प्रसंगावर दोन निर्णय देऊ शकतात.

व्हीएआरने काय सुटलं, काय नाही?

१८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसजवळ फ्रान्स आणि आयर्लंड वर्ल्ड कपच्या तिकिटासाठी खेळत होते. एक्स्ट्रा टाइममध्ये थिएरी ऑन्रीने हाताने बॉल अडवला आणि विल्यम गॅलासकडे दिला. गॅलासने गोल केला. मैदानावरच्या रेफरीला हात दिसलाच नाही. आयर्लंडचा वर्ल्ड कप हुकला. पुढे फिफाने आयरिश फुटबॉल संघटनेला ५० लाख युरो दिल्याचं २०१५ मध्ये उघड झालं.

आज व्हीएआर असेल, तर असा गोल टिकणार नाही. 'हात लागला का?' याचं उत्तर कॅमेरा देतो.

'तो फाउल होता का?' याचं उत्तर मात्र कॅमेरा देत नाही. २०१८ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला कॉर्नरवरून आलेला बॉल लागला. रेफरी नेस्टर पिटाना यांनी स्क्रीनवर रिप्ले बघून फ्रान्सला पेनल्टी दिली. फ्रान्स ४-२ ने जिंकला. ती पेनल्टी होती की नव्हती, यावर आजही वाद होतो.

नियमातही सारखे बदल झाले. २०१९ मध्ये चुकून लागलेल्या हातानंतर झालेल्या गोलबद्दल कडक नियम आला. सहकाऱ्याच्या हाताला नकळत बॉल लागला, तरी गोल रद्द व्हायला लागले. २०२१ मध्ये तो भाग काढून टाकला. म्हणजे एका वर्षी रद्द झालेला गोल पुढे वैध ठरू शकत होता. प्रेक्षकांचा गोंधळ उगाच नाही.

स्लो मोशनचा घोळ

मोबाइलवर येणारी क्लिप बहुतेक वेळा स्लो मोशनमध्ये असते, नाहीतर एकच फोटो असतो. स्लो मोशनमध्ये वाटतं, की खेळाडूकडे हात मागे घ्यायला भरपूर वेळ होता. खऱ्या वेगात बॉल क्षणार्धात हातावर आदळलेला असतो. फोटोत तर हात कुठून कुठे चालला होता, हेच कळत नाही.

म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीत एक सूचना आहे. बॉल नेमका कुठे लागला, हे बघायला स्लो मोशन वापरावं. तो हँडबॉलचा गुन्हा होता का, हे ठरवताना नेहमीच्या वेगातला रिप्ले बघावा.

पुढच्या वेळी क्लिप आली, तर काय बघाल?

आधी खऱ्या वेगातला व्हिडिओ शोधा. मग तीन गोष्टी बघा. हात बॉलकडे गेला का? खेळाडू जी हालचाल करत होता, त्यात हात तिथे असणं साहजिक होतं का? आणि गोल झाला असेल, तर हात गोल करणाऱ्याचाच लागला होता का?

इतकं बघूनही दोन मित्रांचं एकमत झालं नाही, तर दोघांपैकी कुणी नियम चुकीचा वाचला असेलच असं नाही. नियमानेच तो निर्णय रेफरीच्या नजरेवर सोडला आहे. त्यामुळे 'रेफरी विकला गेला' अशी पोस्ट टाकण्याआधी तो व्हिडिओ एकदा खऱ्या वेगात बघायला हरकत नाही.