गव्हाचं फूल दार उघडेल का?

मुलांनो, गव्हाचं फूल पाहिलंय कधी? वसई तालुक्यातल्या चांदीपच्या मुलांनी पाहिलं नसेल, तर नवल नाही. तिकडे शेत म्हणजे भाताचं! पण मग भाताचं फूल तरी पाहा. लोंब्या बाहेर पडल्या की स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सकाळी दहा-अकराला बांधावर उभे राहा. तुसं फाकलेली आणि सहा पुंकेसर बाहेर डोकावताना दिसतील. थोड्या वेळात दार पुन्हा बंद!

भात आणि गहू, दोघंही स्वतःच्याच परागावर भागवणारे. दोन वाणांचा संकर करायचा, तर मादीच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढावे लागतात. एकेक फूल असं सोलत बसलं, तर शेताला पुरेल इतकं बियाणं कधी व्हायचं? भातात यावर तोड निघाली. १९७० साली चीनमधल्या हैनान बेटावर वांझ परागाचा रानभात सापडला. तो गुण संकर करून लागवडीच्या भातात आणला. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राचा १९९८ सालचा 'सह्याद्री' हा संकरित भात याच वाटेनं आला. (अशा भाताचं बियाणं मात्र दरवर्षी नवं घ्यावं लागतं, घरचं राखून चालत नाही.)

गहू जास्त हट्टी. वांझ परागाचा गहूही तयार झाला. पण शेजारच्या गव्हाचा पराग त्याच्यापर्यंत पोचायला हवा ना! गव्हाचा बराचसा पराग बंद तुसांतच सांडतो. एका परागकोशात तो असतो दोन-तीन हजार कण. गव्हाचाच भाऊबंद 'राय' मात्र उधळ्या. त्याचे परागकोश लांब, एकेकात सुमारे १९ हजार कण, आणि सगळे वाऱ्यावर!

म्हणून शास्त्रज्ञांनी गहू आणि रायचं लग्न लावलं. गव्हाची गुणसूत्रं ४२, रायची १४. दोघांची अर्धी अर्धी मिळून पोराला २८. पण जोड्या जुळत नाहीत, म्हणून ते वांझ. मग कोल्चिसीन हे औषध देऊन गुणसूत्रं दुप्पट करायची, ५६. हेच 'ट्रिटिकेल'. त्याचा पुन्हा पुन्हा गव्हाशी संकर केला, की रायचं एखादंच गुणसूत्र गव्हात उरतं. रायचं चौथं गुणसूत्र आलं, तेव्हा गव्हाचे परागकोश खरंच लांबले!

पण रायकडून नको तेही येतं. त्याच्या पहिल्या गुणसूत्राच्या तुकड्यानं गव्हाला तांबेऱ्याशी झुंजायचं बळ दिलं, पण कणीक चिकट होऊ लागली. आईला विचारा, चालेल का?

नोव्हेंबरात कुंडीत मूठभर गहू पेरा. दोन-अडीच महिन्यांनी ओंबी भिंगातून बघा. पिवळे परागकोश बाहेर लोंबताना दिसले, तर फसू नका. त्यांचा बराचसा पराग आतच सांडून गेलेला असतो.