समृद्धीचा रस्ता आणि धानाच्या बांध्या

गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावात दिवाळी म्हणजे हलक्या धानाच्या कापणीचे दिवस. झाडीपट्टीत मंडईच्या तारखा ठरत असतात, नाटकांच्या जाहिराती भिंतींवर चढत असतात. अलीकडे पारावरच्या गप्पांत आणखी एक विषय आला आहे. मुंबईहून नागपूरपर्यंत आलेला समृद्धी महामार्ग भंडाऱ्यावरून गोंदियापर्यंत यायचा आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आखलेला हा टप्पा सुमारे 160 किलोमीटरचा आहे.

या जिल्ह्याने लांबचे रस्ते पूर्वीही पाहिले आहेत. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड साकोली, देवरीवरून जात असे. आज त्याच वाटेने राष्ट्रीय महामार्ग 53 सुरतेकडून ओडिशातल्या पारादीपकडे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगाल नागपूर रेल्वे आली आणि गोंदिया जंक्शन झालं. तांदळाच्या गिरण्या, विडीपत्त्याचा व्यापार, बाजारपेठ हे सगळं त्या रुळांभोवती वाढलं. रेल्वेने गोंदियाला मोठं केलं, कारण ती गोंदियात थांबत होती. नव्या महामार्गाकडे पाहताना मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

देशाच्या रस्त्यांचा विचार करणाऱ्यांत आपली माणसं आणि आपली शहरं आघाडीवर होती. 1927 साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. 1943 च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि ‘नागपूर योजना’ तयार झाली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही आजही चालणारी वर्गवारी तिथलीच. विकसित शेतीच्या पट्ट्यातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, हे त्या योजनेचं उद्दिष्ट होतं. युद्ध चालू होतं, देश पारतंत्र्यात होता, आणि तरी त्या अभियंत्यांनी हिशेब गावापासून मांडला. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

पुढे हिशेबाचा केंद्रबिंदू सरकला. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, सुवर्ण चतुष्कोन योजनेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडले. समृद्धी महामार्ग त्याच वाटेवरचा सर्वात मोठा मराठी प्रकल्प: 701 किलोमीटर, दहा जिल्हे, 120 मीटर रुंदीचा पट्टा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 5 जून 2025 रोजी. कसारा घाटाखालून सुमारे पावणेआठ किलोमीटरचे जुळे बोगदे गेले आहेत. काम खरोखर मोठं आहे. त्याची किंमतही आहे. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. महिनाभरात शहापूर तालुक्यात पुलाच्या कामावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळून 20 जण दगावले. रस्त्याच्या कोणत्याही आढाव्यात ही माणसं मोजलीच पाहिजेत.

जमिनीचा प्रश्न तिथे आधी भूसंचयनाच्या मार्गाने सोडवायचा विचार होता. शेतकऱ्यांचा विरोध झाला, मग थेट खरेदीवर भर आला. मोबदला चांगला मिळाला, असं अनेक शेतकरी सांगतात. पण मोबदला मिळतो तो पट्ट्यात गेलेल्या जमिनीचा. पट्ट्याच्या पलीकडे राहिलेल्या तुकड्याकडे जायचं कसं, याचा भाव कुठल्याच तक्त्यात नसतो. या मार्गावर बैलबंडी, ट्रॅक्टर, दुचाकी यांना प्रवेश नाही, आणि वेग पाहता तो नसणंच योग्य. त्यामुळे शेतकऱ्यासाठी खरा रस्ता म्हणजे खालचा बोगदा, बाजूचा सेवा रस्ता आणि न तुटलेली पांदण. द्रुतगती मार्गाचा उपयोग लांबीत मोजला जातो; गावाला तो रुंदीत ओलांडावा लागतो.

कापसाच्या मुलखापेक्षा धानाच्या मुलखात हे ओलांडणं जास्त नाजूक आहे. इथे पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्या तलावातून सुटलेलं पाणी पाटाने, मग धुरा फोडून, एकामागून एक शेतं भिजवत खाली बोडीत जातं. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचं कसब आहे. त्या उतारावर काही मीटर उंचीचा मुरमाचा भराव आडवा पडला, की विस्तारून वाहणारं पाणी मोजक्या मोऱ्यांत कोंबलं जातं. वरची बांधी कुजते, खालची रोवणीच्या दिवसांत तहानते, आणि मोरीच्या तोंडाशी शेत खरवडून निघतं. याच तलावांच्या आणि धानशेतांच्या आधाराने सारस पक्षी जगतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य अधिवास गोंदिया जिल्हाच. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जाणाऱ्या महामार्ग 53 वर वन्यप्राण्यांच्या वाटांसाठी वेगळे उपाय करावे लागले. पाण्याच्या वाटेलाही तोच मान हवा.

मी या रस्त्याच्या विरोधात नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रुग्ण लवकर पोचणं, तांदळाचा ट्रक मुंबईच्या बंदराकडे विनाअडथळा निघणं, हे गोंदियाला हवंच आहे. मात्र मार्गावर चढण्या-उतरण्याची जागा कुठे, यावर सगळं ठरेल. ती जागा गिरण्यांपासून आणि धान खरेदी केंद्रांपासून दूर पडली, तर माल जुन्याच रस्त्याने जाईल. शहराजवळ पडली, तर मुर्रीसारख्या गावांत बांध्यांवर ले-आउट पडायला वेळ लागणार नाही, आणि जमीन विकणाऱ्याला भाव मिळाला तरी ती बटईने कसणाऱ्याच्या हाती काही येत नाही. त्याचं नाव सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात नसतं. म्हणून त्या जागेभोवतीच्या जमिनीचा आराखडा रस्त्याच्या आधी ठरायला हवा, आणि ग्रामसभेत वाचून दाखवायला हवा.

संयुक्त मोजणीत विहिरी, झाडं, घरं, पाइपलाइन लिहून घेतली जाते. त्याच कागदावर प्रत्येक पाट, नाला, बोडीचा सांडवा आणि पांदण लिहून घ्यावी, असा आग्रह प्रत्येक ग्रामपंचायतीने धरावा. आणि जमीन कोरडी असताना झालेल्या मोजणीवर थांबू नये. अधिकाऱ्यांना एकदा रोवणीच्या दिवसांत, बांध्या भरलेल्या असताना, आखणीच्या दगडापासून दगडापर्यंत चालायला बोलवावं.