राक्षसाची वाचा कुणी नेली?

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाईन’मधला राक्षस पुस्तकं वाचतो. जंगलात सापडलेल्या एका कातडी पेटीत त्याला मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्लुटार्कची चरित्रं आणि गटेचं ‘वेर्थर’ मिळतं. पुढे आल्प्समधल्या हिमनदीवर तो आपल्या निर्मात्याला गाठतो आणि आपली बाजू अशी मांडतो की निष्णात वकिलानेही कान टवकारावेत. सिनेमातून हा राक्षस ओळखणाऱ्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. सपाट डोकं, मानेतून बाहेर आलेले बोल्ट, पुढे ताठ धरलेले हात आणि घशातली गुरगुर, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं.

या कादंबरीवरच्या चित्रपटांची तुलना करताना बहुतेकदा मेकअप आणि कथानकातले फेरफार मोजले जातात. मला त्याहून महत्त्वाचे दोन प्रश्न वाटतात. या चित्रपटात राक्षसाला बोलू दिलंय का? आणि त्याने जे केलं त्याचा जाब त्याच्याकडे मागितलाय का?

हे प्रश्न कादंबरीनेच पुढे ठेवले आहेत. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हा सरोवराचा काठ, कवी बायरनचं बिऱ्हाड. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेने युरोपचा उन्हाळा गारठवला होता. पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं. त्यांच्यातली मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. १ जानेवारी १८१८ ला तिची कादंबरी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय, फक्त ५०० प्रतींत निघाली. तिची रचना कथेच्या पोटात कथा अशी आहे. उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या पत्रांत राक्षसाचा निर्माता व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन याची कहाणी येते आणि तिच्या गाभ्यात राक्षसाचं स्वतःचं निवेदन.

ते निवेदन वाचताना आजही अंगावर काटा येतो. जन्मताच निर्मात्याने टाकून दिलेला हा जीव एका गरीब कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. फेलिक्स हा तरुण साफी नावाच्या परदेशी मुलीला भाषा शिकवत असतो. भिंतीच्या फटीतून ऐकत हाही शिकतो. सगळे बाहेर गेलेले पाहून तो त्या घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याकडे जातो, कारण हा माणूस चेहरा न पाहता आपलं ऐकून घेईल हे त्याला कळलेलं असतं. बाकीचे परततात आणि फेलिक्स त्याला काठीने झोडपून काढतो. पुढे नदीत बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो, तर तिच्याबरोबरचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो. मग जिनिव्हाजवळ त्याला विल्यम नावाचा एक लहान मुलगा भेटतो. मुलाच्या तोंडून फ्रँकेन्स्टाईन हे आडनाव येताच तो त्याचा गळा दाबतो. मुलाच्या गळ्यातली तसबीर तो फ्रँकेन्स्टाईनांच्या घरी काम करणाऱ्या, झोपलेल्या जस्टिनच्या कपड्यांत लपवतो, आणि त्या निरपराध मुलीला फाशी होते.

हे सगळं तो स्वतः सांगतो. सांगू शकतो म्हणजे त्याला कळतंय. त्याच्यावर अन्याय झालाय आणि त्याने खून केलाय, या दोन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. पुस्तकातली खरी भीती तिथे आहे. आपल्याकडे अशा कथांना भस्मासुराची उपमा चटकन दिली जाते, पण भस्मासुराला वर हवा होता, सत्ता हवी होती. याला हवी होती सोबत.

त्याची वाचा पहिल्यांदा गेली ती रंगभूमीवर. १८२३ मध्ये लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाउसमध्ये रिचर्ड ब्रिन्स्ली पीक याचं ‘प्रिझम्प्शन’ हे नाटक आलं. त्यात टी. पी. कुक या नटाने राक्षस मुका उभा केला, सगळा अभिनय हातवाऱ्यांचा आणि संगीताच्या साथीचा. नटांच्या यादीत पात्राच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. मेरी स्वतः तो प्रयोग पाहायला गेली होती आणि ती रेघ तिला आवडली होती. फ्रँकेन्स्टाईनचा नोकर फ्रिट्झही या नाटकातलाच. पुस्तकात असा कुणी नाही.

१९३१ चा जेम्स व्हेलचा चित्रपट याच वाटेने गेला आणि जगाच्या डोक्यात कायमचा बसला. श्रेयनामावलीत सुरुवातीला राक्षसाच्या नटाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. तो नट बोरिस कार्लोफ. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, आणि त्याच्या घराण्याचा एक धागा आपल्याकडचा आहे. सयामच्या राजवाड्यात शिक्षिका म्हणून गाजलेली ॲना लिओनोवेन्स ही त्याच्या आजीची बहीण, आणि ॲनाचा जन्म अहमदनगरचा, आताच्या अहिल्यानगरचा.

कार्लोफचं काम थोर आहे, यात वाद नाही. छताची झडप उघडते, वरून उजेड येतो आणि तो जीव दोन्ही हात उंच करून उजेड पकडायला बघतो. त्या दृश्यात एकही शब्द नाही, आणि शब्दाची उणीवही जाणवत नाही. पण याच चित्रपटाने कादंबरीचं मोठं नुकसानही केलं. इथे फ्रिट्झ गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. म्हणजे दुष्टपणा मेंदूतूनच आला, निर्मात्याच्या टाकून देण्याशी त्याचा संबंध उरला नाही! तळ्याकाठचं दृश्य पाहा. लहानगी मारिया पाण्यावर फुलं सोडते, ती तरंगतात. मग हिलाही तरंगवू, असं समजून राक्षस तिला पाण्यात टाकतो. पुस्तकात बुडत्या मुलीला वाचवणारा इथे नकळत बुडवणारा झाला. सेन्सॉरने हे दृश्य वर्षानुवर्षं अर्ध्यावर कापलेलं होतं. त्याने तिच्याकडे हात नेला की कात्री लागायची, आणि प्रेक्षक त्याहून भयंकर काहीतरी कल्पून घ्यायचा.

१९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये व्हेलनेच त्याला थोडे शब्द परत दिले. आंधळा संन्यासी त्याला भाकरी देतो, व्हायोलिन ऐकवतो, मित्र म्हणजे काय ते शिकवतो. राक्षसाने बोलणं कार्लोफला स्वतःला पटलं नव्हतं. मला मात्र ते दृश्य १९३१ च्या अख्ख्या चित्रपटापेक्षा कादंबरीच्या जवळचं वाटतं.

यानंतर जे झालं त्याची हकिगत फार कमी लोकांना ठाऊक आहे. १९४२ च्या ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाईन’मध्ये राक्षसाच्या डोक्यात इगोर या पात्राचा मेंदू बसवतात. तो इगोरच्या, म्हणजे बेला लुगोसीच्या, आवाजात बोलू लागतो आणि आंधळा होतो. पुढच्याच वर्षी ‘फ्रँकेन्स्टाईन मीट्स द वुल्फ मॅन’मध्ये लुगोसी स्वतः राक्षस झाला. त्याचे संवाद चित्रित झाले होते, पण प्रदर्शनाआधी सगळे कापले गेले. त्याबरोबर तो आंधळा असल्याचा उल्लेखही गेला. राहिलं ते चाचपडत, हात पुढे धरून चालणं. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं फ्रँकेन्स्टाईन म्हणून जे चालतात, ते एका आंधळ्याचं चालणं आहे.

ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५७ पासून ही कथा रंगीत केली. तिथे पीटर कुशिंगचा थंड, निर्दय व्हिक्टरच नायक झाला. ख्रिस्तोफर लीचा राक्षस मुकाच राहिला. त्यावर अधिक बोलावंसं वाटत नाही.

१९९४ च्या केनेथ ब्रॅनाच्या चित्रपटाला समीक्षकांनी झोडपलं, आणि बऱ्याच अंशी योग्यच झोडपलं. कॅमेरा सतत गरगरतो, व्हिक्टर उघड्या अंगाने धावत सुटतो, शेवटाकडे व्हिक्टरच्या वधूला, एलिझाबेथलाही जिवंत करण्याचा पदरचा प्रसंग येतो. तरीही बर्फाच्या गुहेतल्या संवादासाठी मी या चित्रपटाची बाजू घेईन. रॉबर्ट डी नीरोचा राक्षस तिथे निर्मात्यासमोर बसून विचारतो की आपल्याला बासरी वाजवता येते, ती आपण शिकलो की या हातांना आधीपासून आठवत होती. हा राक्षस बोलतो आणि त्याचे खूनही त्याच्याच नावावर राहतात. मोठ्या पडद्यावर हे दोन्ही इतक्या ठामपणे एकत्र ठेवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

गिलेर्मो देल तोरोचा २०२५ चा चित्रपट दिसायला या सगळ्यांत देखणा आहे. आधी व्हिक्टरची कहाणी, मग राक्षसाची, अशी त्याची मांडणी आहे. राक्षस झालेला जेकब एलॉर्डी आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगतो, आंधळ्या म्हाताऱ्याजवळ वाचायला शिकतो. इतकी वाट पाहून वाचा परत मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण देल तोरोचं या जीवावर फार प्रेम आहे. पुस्तकातला ठरवून केलेला बालकाचा खून इथे नाही. विल्यम मोठा आहे आणि झटापटीत मरतो. एलिझाबेथला लागते ती व्हिक्टरच्या बंदुकीची गोळी. जस्टिनची फाशीही नाही. शेवटी बाप क्षमा मागतो आणि मुलगा क्षमा करतो. मेरी शेलीने ही क्षमा दिली नव्हती. तिच्या पुस्तकात व्हिक्टर समेटाविना मरतो, आणि राक्षस त्याच्या प्रेतापाशी शोक करून, स्वतःला जाळून घेणार असं सांगून बर्फावरून अंधारात निघून जातो. वाचा दिली आणि अपराध काढून घेतला, तर समोर उरतो तो एक दुखावलेला, निर्मळ मुलगा. त्याची दया येते. भीती वाटत नाही.

म्हणून सिनेमा म्हणून व्हेलचे दोन्ही चित्रपट पाहा आणि आवाज ऐकायला देल तोरोचा पाहा. ब्रॅनाचा बर्फाच्या गुहेपर्यंत सोसा. पण त्याआधी १८३१ च्या सुधारित आवृत्तीतली ११ ते १६ ही प्रकरणं वाचून घ्या. राक्षसाचं संपूर्ण निवेदन तेवढ्यात आहे, आणि ते एका रविवारी दुपारी वाचून होतं.