तीन कोनांचं काळीज

आपल्याकडे ‘माझदा’ म्हटलं की अनेकांना आठवते ती स्वराज माझदाची मिनीबस. शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, कंपनीची शिफ्ट, सगळं निमूट वाहून नेणारी. त्याच जपानी माझदानं हिरोशिमात एक स्पोर्ट्स कार घडवली. तिचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली, तरी जगभरातली माणसं आजही आपले रविवार तिच्या बॉनेटखाली घालवतात. ही गाडी म्हणजे आरएक्स-7. पहिली आली 1978 मध्ये. तिसरी आणि शेवटची पिढी डिसेंबर 1991 पासून ऑगस्ट 2002 पर्यंत बनली. चाहते तिला नुसतं ‘एफडी’ म्हणतात.

गाडी ठेंगणी, जेमतेम सव्वा मीटर उंच. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास आणि तेही पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मंनिम्मं वाटलेलं. अंगावर एकही कोन टोचत नाही, सगळी वळणं एकमेकांत मिसळलेली. दिवे झाकणाआड झोपलेले, बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर येणारे.

जपानी स्पोर्ट्स कारमध्ये बदल करणं म्हणजे कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि मागे भलामोठा पंख, असा एक समज आहे. एफडी तो समज पहिल्याच उन्हाळ्यात मोडून काढते. या गाडीच्या मालकाला सगळ्यात आधी शिकावं लागतं ते तिला जगवणं. वेग वाढवण्याची गोष्ट त्यानंतर.

पाच थरांचं इंजिन

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. आरएक्स-7 च्या रोटरी इंजिनात पिस्टनच नाही, व्हॉल्व्हही नाहीत. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत राहतो. त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीनं हवा-पेट्रोल ओढते, दाबते, पेटवते आणि धूर बाहेर टाकते. हा त्रिकोण, म्हणजे रोटर, एक फेरा पुरा करतो तोवर मधला शाफ्ट तीन फेरे मारतो. वरखाली आदळणारं काही नसल्यामुळे हे इंजिन थरथरत नाही, गुणगुणत वर चढतं.

इंजिन खोललं की आपल्या कप्प्यांच्या डब्याची आठवण व्हावी. बिडाची एक प्लेट, त्यावर ॲल्युमिनियमचं घर आणि आत रोटर, मध्ये पुन्हा बिडाची प्लेट, दुसरं घर आणि दुसरा रोटर, शेवटी तिसरी प्लेट. पाच थर एकावर एक रचायचे आणि आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी आवळायचे. एफडीच्या 13बी-आरईडब्ल्यू इंजिनात 654 सीसीचे असे दोन रोटर, मिळून 1308 सीसी. जोडीला दोन टर्बो, खालच्या वेगात एक आणि पुढे दुसराही साथीला येणारा. एवढ्याशा इंजिनातून सुरुवातीला 255 आणि अखेरच्या वर्षांत 280 अश्वशक्ती मिळे. 280 च्या वर जायचं नाही असा जपानी कंपन्यांचा आपसातला समजुतीचा करार होता आणि तो 2004 पर्यंत टिकला.

या यंत्राची मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, हिनं 1961 मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार केला. 1963 मध्ये केनइची यामामोतो यांच्या हाताखाली 47 अभियंत्यांचा विभाग उभा राहिला. अडचण होती त्रिकोणाच्या टोकांची. तिथे बसवलेल्या सीलच्या पट्ट्या फिरता फिरता कंप पावत आणि घराच्या आतल्या भिंतीवर ओरखड्यांच्या रांगा उठवत. अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरबाडे’ असं नाव दिलं होतं. अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या सीलनी वाट काढली आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. पुढे जून 1991 मध्ये चार रोटरच्या 787बी या गाडीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. हा मान मिळवणारी माझदा ही पहिली जपानी कंपनी. त्यानंतर सहा महिन्यांनी एफडी विक्रीला आली.

आधी गारवा, मग ताकद

रोटरीचा जुना वैरी म्हणजे उष्णता. घराच्या एका बाजूला सतत थंड हवा शिरते, दुसऱ्या बाजूला सतत आग पेटते. बीड आणि ॲल्युमिनियम वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यांच्या मधल्या रबरी रिंगा एकदा शिजल्या की कूलंट आत झिरपतो. त्यात दोन टर्बो शेजारी तापलेले आणि त्यांना हुकूम देणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जंजाळ इंजिनावर पसरलेलं. उष्णतेनं या नळ्या कडक होतात, तडकतात, आणि दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही.

म्हणून जाणता मालक पहिला खर्च दिसणाऱ्या गोष्टींवर करत नाही. तो एकेक नळी काढून तिथे सिलिकॉनची घालतो. रेडिएटरच्या टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या चिरण्याआधी सगळा रेडिएटर ॲल्युमिनियमचा बसवतो. मोठा इंटरकूलर लावतो. पाण्याचं तापमान आकड्यात दाखवणारं वेगळं मीटर डॅशबोर्डवर आणतो, कारण कंपनीचा काटा बराच काळ मधेच ठिय्या देऊन बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

घाई करणाऱ्याची गत काय होते, तीही ऐकण्यासारखी आहे. नुसता मोकळा सायलेन्सर चढवला की धूर झरझर बाहेर पडतो, टर्बोचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर चढतो, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं आणि मिश्रण अवेळी भडकतं. त्या एका धक्क्यानं दोन मिलिमीटर जाडीची सील तुटते. तिचा तुकडा घर ओरबाडत टर्बोपर्यंत जातो. क्षणभराच्या हौसेपायी सगळं इंजिन नव्यानं बांधावं लागतं. म्हणून बदलांचा क्रम मोडायचा नाही. गारवा, पेट्रोलचा पुरवठा, कॉम्प्युटरची जुळणी आणि सगळ्यात शेवटी ताकद.

तेलाचीही गंमत आहे. हे इंजिन थोडं ऑईल मुद्दामच जाळतं. त्या टोकांच्या सीलना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप आत तेल सोडत राहतो. काही मालकांचं तेवढ्यानं समाधान होत नाही. ते पेट्रोल भरताना टाकीत टू-स्ट्रोक ऑईलही ओततात. पंपावर स्कूटरसाठी पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घेतलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जुनी एफडी विकत घेताना रंग, सीट, चाकं नंतर बघतात. आधी प्लग काढून स्टार्टर मारतात आणि कान देतात. प्रत्येक रोटरमधून तीन फुंकरी ऐकू यायला हव्यात, सारख्या जोराच्या, सारख्या अंतराच्या. एक जरी दबकी आली, तरी आतली एखादी सील थकली आहे असं समजायचं. वैद्यानं नाडी धरावी तसा हा क्षण असतो. आजूबाजूचे बोलणं थांबवतात.

तळहाताला कळणारा रंग

गाडीच्या बारकाईच्या सफाईला, म्हणजे डिटेलिंगला, नुसती धुलाई समजू नये. या गाड्यांचा रंग आता वीस-तीस वर्षांचा आहे. वरच्या पारदर्शक क्लिअर कोटची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, माणसाचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा थर कायमचा जातो. म्हणून मशीन हातात घेण्याआधी जाडी मोजायची.

आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्यायची, कारण कोरडी धूळ फडक्याखाली सापडली की तीच रंग खरवडते. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हातमोजा खळबळण्याची. वरून खाली यायचं, चाकं वेगळ्या मोज्यानं. गाडी स्वच्छ दिसली तरी ओल्या पत्र्यावर तळहात फिरवला की बारीक कचकच लागते. ती ब्रेकच्या लोखंडी कणांची आणि डांबराच्या शिंतोड्यांची. मळलेल्या कणकेसारखा मऊ क्ले बार ओल्या पत्र्यावर हलकेच फिरवला की ती निघते. पुन्हा तळहात फिरवला तर तो काचेवरून सरकल्यासारखा सरकतो. त्यानंतर तिरक्या प्रकाशात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे शोधायचे, सौम्य पॉलिशनं जमतील तेवढे काढायचे आणि खोल असतील ते राहू द्यायचे. वर मेणाचा किंवा सिरॅमिकचा लेप.

दिव्यांच्या खोबणीत पालापाचोळा साचतो, तो ब्रशनं काढायचा. इंजिनाच्या भागात पाण्याचा फवारा मारायचा नाही, ओलसर फडकं आणि ब्रश पुरे. स्वच्छ इंजिनावर तेलाचा एक थेंबही लगेच दिसतो. चकचकीत ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. गळती सुरू झाल्याचं तुम्हाला आधी कळतं, इंजिनाला नंतर भोगावं लागत नाही.

माणसं आणि कायदे

जपानमध्ये जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ या सरकारी तपासणीतून जावं लागतं. 1995 मध्ये बदलांबाबतचे नियम सैल झाले आणि कितीतरी बदल उजळ माथ्यानं करता येऊ लागले. तरी गाडीचा तळ जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर वर हवा, आवाज मर्यादेत हवा. या चौकटीत राहून इसामी आमेमिया यांच्यासारख्यांनी उभं आयुष्य रोटरीला दिलं. त्यांच्या आरई आमेमिया संघाच्या आरएक्स-7 नं 2006 मध्ये सुपर जीटी या शर्यतींच्या मालिकेतलं जीटी 300 गटाचं विजेतेपद मिळवलं. दरवर्षी सात जुलैला, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, योकोहामाच्या दाइकोकू पार्किंगमध्ये उड्डाणपुलांच्या वेटोळ्यांखाली आरएक्स-7 च्या रांगा लागतात. बॉनेट उघडली जातात आणि अनोळखी माणसं एकमेकांच्या इंजिनात डोकावून नळ्यांबद्दल बोलू लागतात.

आपल्याकडे गाडीत बदल करण्याची ही हौस रुजली ती होंडा सिटी व्हीटेक आणि मित्सुबिशी लान्सरवर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मात्र कंपनीनं ठरवलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. तरीही डिटेलिंग आणि नेटकी देखभाल यांना कुठलीच आडकाठी नाही. या छंदाचा गाभा तर तिथेच आहे.

माझदानं आता जुन्या आरएक्स-7 चे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले आहेत. याचं श्रेय मी त्या मालकांना देतो, ज्यांनी भाग मिळेनासे झाले तेव्हाही गाड्या भंगारात जाऊ दिल्या नाहीत.

रोटरीवाल्यांच्या घरचं एक दृश्य मला या सगळ्याचं सार वाटतं. गाडी धुऊन झाली आहे आणि तिला फक्त चार पावलं मागे, सावलीत न्यायचं आहे. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं तर आत जास्तीचं पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी ते पेट घेत नाही. म्हणून कुणीही चावी फिरवत नाही. गियर न्यूट्रलमध्ये टाकला जातो, एक जण दारातून स्टिअरिंग धरतो, दुसरा पुढून तळहात टेकवतो, आणि 280 अश्वशक्तीची ती गाडी दोन माणसं हातांनी ढकलत हळूहळू सावलीत नेतात.