प्रयोगशाळेतील यंत्रे आणि संगणक यांचा संवाद

आमच्या प्रयोगशाळेस भेट देणारे देणगीदार रक्ततपासणीचे यंत्र पाहून बहुधा एकच प्रश्न विचारतात : त्यास संगणक जोडल्याने नेमके काय साधते? ‘लिहिण्याचा वेळ वाचतो’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. यंत्राच्या चिठ्ठीवरून निकाल हाताने उतरवताना ४.१ चे १.४ होणे अशक्य नसते. पोटॅशियमच्या बाबतीत पहिला आकडा निरोगी माणसाचा, तर दुसरा प्राणसंकटाचा. वाणिज्य शाखेच्या मंडळींस ही चूक परिचित आहे. अंकांची अदलाबदल झाली की फरकास ९ ने भाग जातो, म्हणून ताळा न जुळल्यास जुने हिशेबनीस प्रथम तेच पाहत. रुग्णाच्या अहवालास मात्र ताळा पाहण्यासाठी दुसरी बाजू नसते.

बरीच यंत्रे आजही आरएस-२३२ या पद्धतीच्या तारेने जोडली जातात. हे मानक १९६० सालचे. नवी यंत्रे लॅनवरून बोलू लागली तरी ते सेवानिवृत्त झालेले नाही. वेग, अक्षरातील बिटांची संख्या, पॅरिटी आणि स्टॉप बिट ही चार मूल्ये यंत्रात व संगणकात तंतोतंत सारखी भरावी लागतात. उदाहरणार्थ ९६००, ८, पॅरिटी नाही, १. त्यांत तफावत असल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात किंवा काहीच उमटत नाही. नव्या संगणकांना या तारेची खाच बहुधा नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा जोड लागतो. तो काढून दुसऱ्या खाचेत लावला की संगणक त्यास निराळा कॉम क्रमांक देऊ शकतो. निकाल येणे थांबते आणि बोल मात्र यंत्रास लागतो. ‘हा जोड हलवू नये’ अशी साधी चिठ्ठी येथे फार उपयोगी पडते.

तार जुळल्यावर भाषेचा प्रश्न येतो. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेच्या ई-१३८१ व ई-१३९४ या मानकांनी संभाषणाची रीत घालून दिली. यंत्र प्रथम ‘बोलू का?’ असा संकेत पाठविते. संगणकाने होकार दिल्यावरच मजकूर टप्प्याटप्प्याने निघतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी त्यातील अक्षरांच्या सांकेतिक मूल्यांची बेरीज करून, तीस २५६ ने भागून उरलेली बाकी जोडलेली असते. संगणक तीच बेरीज स्वतः करून पाहतो. न जुळल्यास नकार देतो व तो टप्पा पुन्हा मागवितो. खतावणीच्या पानाखालील बेरजेचाच हा प्रकार होय.

परंतु ही बेरीज केवळ तारेतील बिघाड पकडते, अर्थाची चूक पकडत नाही. यंत्रातील तपासणीचा क्रमांक आमच्या यादीतील कोणत्या तपासणीस जोडायचा, एकक कोणते, दशांशस्थळे किती, हे माणसानेच ठरवावयाचे असते. रक्तशर्करा ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ५ मिलिमोल प्रति लिटर. यंत्र दुसऱ्या एककात बोलत असेल आणि अहवाल पहिल्या एककात छापला जात असेल, तर धडधाकट माणूस कागदावर बेशुद्धीच्या पलीकडे जातो. नळीवरील बारकोड चुकीच्या रुग्णाचा असल्यास तर निर्दोष जोडणीही चुकीचाच निकाल अत्यंत अचूकपणे पोहोचविते!

म्हणून जोडणी झाल्यावर प्रत्येक तपासणीचा कमी, सर्वसाधारण व अधिक निकाल यंत्राच्या पडद्यावर, संगणकात आणि छापील अहवालात शेजारी शेजारी ठेवून पाहावा लागतो. ‘पेक्षा कमी’ या चिन्हासह येणारे निकाल विशेष लक्षपूर्वक पाहावेत, कारण ते चिन्ह वाटेत गळू शकते. या कामी रसायने खर्ची पडतात व त्यांचे बिल कोणाच्याही नावे निघत नाही. तरीही या खर्चात काटकसर करू नये, असे आमचे मत आहे. यंत्राची अथवा संगणकाची आज्ञावली बदलली की हीच पडताळणी नव्याने करावयाची. जोडणीची सर्व मूल्ये केवळ पुरवठादाराच्या अभियंत्याजवळ न राहता प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तारखेसह व स्वाक्षरीसह असावीत, आणि त्या नोंदीची एक प्रत कार्यालयाच्या कपाटात असावी.