पोटातलं का अंगावरचं?

राजारामपुरीतल्या मेडिकलात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटलं, की दुकानदाराला विचारावंच लागतं, “पोटातलं का अंगावरचं?” घशाशी येणारं आंबट पाणी आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, आपल्याकडे दोन्ही पित्तच. दोन्हींत हिस्टामिनचा हात असतो, पण गोळ्या वेगळ्या. आणि गांधींचा यकृतातल्या पित्ताशी काहीच संबंध नसतो.

गैरसमज : गांधी म्हणजे कातडीचं दुखणं, आमसुलाचं पाणी चोळलं की भागलं.

वस्तुस्थिती अशी, की गांध ही रक्तवाहिन्यांची गळती आहे. कातडीखालच्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. बारीक वाहिन्या सैल पडतात, म्हणून लाली. त्यांच्या भिंतीत फटी पडून पाणी झिरपतं, म्हणून सूज. हे कातडीपुरतंच राहिलं तर सेटिरिझिनसारख्या गोळीने आवरतं. पण गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखाद्या औषधाने हेच सगळ्या अंगात झालं, तर दहा मिनिटांत रक्तातल्या द्रवाचा तिसरा हिस्सासुद्धा वाहिन्यांबाहेर जाऊ शकतो. बीपी कोसळतं, नाडी पळते. कधी हृदयाच्या धमन्याच आकसून छातीत कळ येते. 1991मध्ये कुनिस या ग्रीक डॉक्टरांनी हा प्रकार नीट मांडला.

गैरसमज : बांगडा बाधला, म्हणजे माशांची ॲलर्जी.

दर वेळी नाही. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जंतूच हिस्टामिन तयार करतात. कोकणातून घाट चढून येणाऱ्या मासळीला म्हणूनच वाटभर बर्फ हवा. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून वा कालवण उकळून जात नाही.

गैरसमज : गोळी दिली, आता गाडीवर बसवून दवाखान्यात नेऊ.

हा सगळ्यात घातक. गोळीला अंगात भिनायला वेळ लागतो, आणि ती पडलेलं बीपी वर आणत नाही. चक्कर आलेल्याला उठवून दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवलं, तर हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं आणि हृदय थांबूही शकतं. खरं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते वाहिन्या आवळतं, गळती रोखतं, हृदयाला जोर देतं.

गांधींबरोबर चक्कर, धाप, घोगरा आवाज किंवा उलट्या दिसल्या, तर माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका. आणि लगेच 108 लावा.